बारावा मणका

माझ्या हातची एक्स-रे फिल्म ओळखू यायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आणि बढाई म्हणून सांगितलं तरी ते खोटं ठरत नाही. नागपूरच्या धंतोलीतले हाडांचे डॉक्टर चिठ्ठीवर 'पाठ, बाजूने' एवढंच लिहायचे आणि खाली एक ओळ जास्तीची टाकायचे: 'बाईंकडूनच काढून घ्यावी.' सदरमधल्या त्या खासगी एक्स-रे दवाखान्यात आम्ही दोघं तंत्रज्ञ होतो. दुसरे गृहस्थ वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे होते आणि त्यांच्या फिल्मा डिसेंबरातल्या धुक्यात काढल्यासारख्या यायच्या. पेशंट त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे आणि मला 'सिस्टर'. आम्ही दोघंही यातलं काहीच नव्हतो. पहिली दहा वर्षं मी लोकांना दुरुस्त करत राहिले, मग नाद सोडला.

चांगली फिल्म म्हणजे काय, तर हाड पांढरं, कडा रेखीव आणि डॉक्टरने उजेडासमोर धरली की 'वा' म्हणावं अशी. त्यासाठी यंत्रावरचा एक आकडा सांभाळावा लागतो, किरणांच्या जोराचा. माणूस जाड असला तर जोर वाढवायचा. म्हाताऱ्या बायकांची हाडं आतून विरळ झालेली असतात, त्यांना जोर कमी द्यायचा. नाहीतर किरण सरळ आरपार जातात आणि हाड फिल्मवर काळवंडून जातं. हा आकडा माझ्या बोटांत बसला होता. तरी मी एक वही ठेवायची. प्रत्येक पेशंटची जाडी कॅलिपरने मोजायची आणि किती सेंटिमीटरला कुठला आकडा दिला ते लिहून ठेवायचं. सहकारी हसायचे. "पाककृती लिहून राहिल्या का सिस्टर?" म्हणायचे. मी म्हणायची, "तुम्ही पण लिहा, म्हणजे तुमची भाजी करपणार नाही."

ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्या पहिल्यांदा आल्या ऐंशी सालच्या थंडीत. इंदोऱ्याला राहायच्या आणि सावनेरच्या प्राथमिक शाळेत शिकवायला रोज एसटीने जायच्या. वय सत्तावन्न, निवृत्तीला शाळेचं एकच वर्ष उरलेलं. मागच्या चाकावरची सीट मिळाली होती, गाडी खड्ड्यात आदळली आणि पाठीत कडकन आवाज झाला. एवढंच. पडल्या नाहीत, झडल्या नाहीत. तशाच उतरून त्यांनी चार तास शिकवलं होतं आणि परतीच्या गाडीत उभ्याने आल्या होत्या. "बसवलंच नाही ना मले," असं त्यांनी मला अगदी सहज सांगितलं.

फिल्ममध्ये कमरेचा पहिला मणका पुढून चेपलेला दिसला. हाडं ठिसूळ झाली आहेत, हे सांगायला कुणी मोठा तज्ज्ञ नको होता. हाडांच्या डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जॅकेट घातलं, कॅल्शियमची इंजेक्शनं सुरू केली आणि अंथरुणात राहायला सांगितलं. चार महिने. नागपुरात, एप्रिलसकट. ज्याने आमचा एप्रिल पाहिला आहे त्याला मी आणखी काही सांगायला नको. आत खाज सुटली की बाई शाळेतली फूटपट्टी प्लास्टरमध्ये सरकवून खाजवायच्या.

मेच्या सुरुवातीला प्लास्टर काढलं आणि तपासणीच्या फिल्मसाठी त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. मी वही उघडली, जाडी मोजली, जानेवारीत होती तेवढीच भरली. तोच आकडा लावला, फिल्म काढली. काळी आली. माझ्या हातून! मी यंत्राला दोन शिव्या दिल्या, फिल्म बादच्या खोक्यात टाकली, आकडा उतरवला आणि दुसरी काढली. ती मात्र देखणी आली. मणके पांढरे, कडा काढून ठेवल्यासारख्या, चेपलेला मणका होता तिथेच शांत बसलेला. डॉक्टरांनी ती बघून लिहिलं: हाड छान भरलं आहे, जूनपासून कामावर जायला हरकत नाही. मला त्या दिवशी मोठी धन्यता वाटली होती. खोटं का बोला?

फिटनेसच्या कागदावर आमच्या दवाखान्याचा शिक्का लागायचा होता. त्यासाठी बाई आठवड्याने आल्या तेव्हा मी त्यांना जानेवारीची फिल्म आणायला सांगितलं होतं. दोन फिल्मा शेजारी लावून बघितल्याशिवाय मी कागद पुढे जाऊ देत नसे. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, डोळे मिटून शिक्का मारायचे. ही तपासणी माझी माझ्यापुरती होती. बाईंनी पिशवीतून लिफाफा काढला, लिफाफ्यातून फिल्म काढली आणि मी बघतच राहिले. फिल्मचा पुढचा अर्धा भाग गायब होता. कात्रीने सरळ उभा कापलेला.

"हे काय?"

"ग्रहण होतं ना वं," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी ते मोठं सूर्यग्रहण झालं होतं. शहरात दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, पाण्यात तुळशीची पानं, पोटुशा बायका खोलीत कोंडलेल्या. इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीतही काही घरांत हीच तऱ्हा. हे बाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. घरातली पहिली शिकलेली बाई, छप्पनला आईबापांबरोबर दीक्षा घेतलेली. ग्रहणाला भिऊन मुलांना घरात कोंडतात म्हणजे काय? प्लास्टरमध्ये खांबासारख्या उभ्या राहून त्यांनी गल्लीतली पोरं जमवली. मुलांना द्यायला काळी काच नव्हती. एक्स-रेची फिल्म होती. तिचा जो भाग जास्त काळा, म्हणजे मणक्यांच्या पुढचा, छातीचा, तो त्यांनी पट्ट्या पट्ट्या करून वाटून टाकला. फिल्ममधून सूर्याकडे बघू नये हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा अख्खं नागपूर तसंच बघत होतं.

"बारा पोरांनी पाह्यलं," बाई अभिमानाने म्हणाल्या. "एकही घाबरलं नाही."

मला हसू आवरेना. पण रागही आला, कारण कापताना कात्री मणक्यांच्या पुढच्या कडेवरून गेली होती आणि मणका चेपतो तो पुढूनच. जे बघायचं होतं तेच नेमकं पोरांनी सूर्याला दाखवून संपवलं होतं. आता शेजारी लावायला माझ्याकडे काही नव्हतं. मी बाईंना कागद दोन दिवसांनी न्या म्हणून सांगितलं आणि त्या गेल्यावर वही काढून बसले. फिल्म नाही तर नाही, आकडे तरी ताडून बघावेत.

जानेवारीत जाडी तेवढीच, आकडा चौऱ्याहत्तर. मेमध्ये जाडी तेवढीच, आकडा सहासष्ट.

मी पुन्हा वाचलं. मेमध्ये आमच्याकडे सगळ्या सदरचे कूलर चालतात, वीज मरगळते, तेव्हा फिल्म फिकी यायला हवी, काळी नव्हे. बाई वाळल्या म्हणावं तर कॅलिपर तसं म्हणत नव्हता. म्हणजे एकच गोष्ट उरत होती. चार महिने प्लास्टरमध्ये पडून राहून त्यांची हाडं आणखी विरळ झाली होती. फिल्मने मला ते पहिल्या झटक्यात सांगितलं होतं. मी तिला बादच्या खोक्यात टाकलं आणि आकडा उतरवून डॉक्टरांसमोर पांढरंशुभ्र हाड ठेवलं. हाड भरलं नव्हतं. मी भरून दाखवलं होतं.

खोका उपसला. ती काळी फिल्म खालून तिसरी सापडली. लाइटबॉक्सवर लावून, आजूबाजूचा उजेड कागदाने झाकून मी ती बघितली. मणके काचेसारखे झाले होते, नुसत्या कडा उरलेल्या. शेवटच्या बरगडीवरून मोजलं. चेपलेला होता तो कमरेचा पहिला. त्याच्या लगेच वरचा छातीचा बारावा मणका अजून उंचीला पुरता होता, पण त्याचं वरचं झाकण बशीसारखं आत वाकलं होतं. देखण्या फिल्मवर ते पांढऱ्यात बुडून गेलं होतं. अशा खूप पाठी मी पाहिल्या होत्या. एक मणका बसला की सगळा भार शेजाऱ्यावर येतो, आणि शेजारी आधीच वाकलेला असेल तर त्याला एक खड्डा पुरतो. जूनमध्ये बाई पुन्हा त्याच एसटीत बसणार होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसू शकले असते. माझं कौतुक चाललेलं, डॉक्टर खूश, बाई खूश. त्या रात्री जेवण गेलं नाही हे खरं. पण सकाळी काळी आणि देखणी अशा मेच्या दोन्ही फिल्मा आणि वही काखोटीला मारून मी धंतोलीला गेले हेही खरं. मी चुकले असले तर पहिल्यांदा मीच सांगणार, तो मान मी दुसऱ्याला देत नाही.

डॉक्टर काळी फिल्म बघून म्हणाले, "ही काय फिल्म आहे? तुमची?"

"माझीच. खरी हीच आहे. तुम्हाला दिली ती सजवलेली."

त्यांनी चष्मा काढला. "मेमध्ये फिल्म धुवायचा डेव्हलपर तापतो, बाई. फिल्म काळी येणारच."

"बर्फ टाकून थर्मामीटर लावून धुते मी. त्याच दिवशी त्याच पाण्यात आणखी चार फिल्मा धुतल्या, चारही वहीतल्या आकड्यावर बरोबर आल्या."

"त्या वाळल्या असतील."

"जाडी लिहिलेली आहे. बघा."

त्यांनी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग दोन्ही फिल्मा लावल्या आणि मी बोट ठेवलं त्या बाराव्या मणक्याजवळ नाक नेलं. "तुमचं काम फोटो काढायचं," ते हळूच म्हणाले, पण रागाने नव्हे. "हा जाईल म्हणता?"

"हाच जाईल. कधी ते मला सांगता येणार नाही. कुठला ते सांगते."

त्यांनी फिटनेसचा कागद परत मागवला. प्लास्टर पुन्हा घालून उपयोग नव्हता, प्लास्टरनेच तर हे झालं होतं. त्यांनी बाईंना घरी बसा म्हणून निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सदरला हजर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि त्या इंदोऱ्याहून पायी आल्या होत्या. बसल्या नाहीत. पेशंटच्या रांगेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काहून वं बाई? माझी शाळा तू बंद केली?"

मी म्हटलं, आत चला. त्या आत आल्या नाहीत.

"अनफिट लिहून देतीन तं मले घरी बसवतीन. एक वरीस राह्यलं माझं. माझ्या मायनं शाळेचं दार बाहेरूनच पाह्यलं. मी आतून निघीन तं माझ्या पायानं निघीन. आजारी म्हणून नाही निघनार, समजलं का तुले?"

माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि पाठ मोडून अंथरुणाला खिळलात तर कोणत्या पायाने निघाल? चार महिने प्लास्टर सोसलं ते कशाला? मी डोळे झाकून शिक्का मारून दिला असता तर बरं झालं असतं का?"

रांगेतली माणसं विड्या विझवून ऐकत होती. बाई दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "दाखव मले."

मी काळी फिल्म खिडकीशी धरली. कुठलं हाड, कुठली कडा, वाकलेलं झाकण कसं ओळखायचं, सगळं सांगितलं. आम्हा तंत्रज्ञांना पेशंटशी हे बोलायची परवानगी नव्हती. मी बोलले. त्यांनी चौथीच्या मुलाचं गणित तपासावं तशी ती फिल्म तपासली. स्वतः बोटाने खालून वर मणके मोजले आणि बरोबर बाराव्यावर थांबल्या.

"म्हंजे हा अजून मोडला नाही."

"नाही."

"कशानं मोडते?"

"आदळलात तर. पुढे वाकून काही उचललंत तर."

"अन् सरळ उभी राह्यली तं?"

"तर टिकेल. टिकावा."

"मग एवढंच सांगायचं ना वं," बाई म्हणाल्या. "मोठी आली घरी बसवनारी!"

पुढची दोन वाक्यं मला बोलूच दिली नाहीत. एसटी बंद, सावनेरला शाळेच्या मागेच खोली भाड्याने घेते, पाणी शेजारीण भरेल, पोरं पाटी घेऊन येतील ती स्टुलावर चढून दाखवतील. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यावर प्रेमही बसत होतं, दोन्ही एकाच वेळी. मी त्यांना घेऊन पुन्हा धंतोली गाठली. डॉक्टर अर्धा तास नाही म्हणाले, मग हो म्हणाले. पट्ट्या घातलेला कॅनव्हासचा कमरपट्टा दिवसभर बांधायचा, दर तीन महिन्यांनी फिल्म काढायची, ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही. कागदावर हे सगळं लिहून त्यांनी सही केली.

ते वर्ष मी कधी विसरणार नाही. दर तीन महिन्यांनी बाई यायच्या, येताना सावनेरकडच्या बोरांची किंवा हरभऱ्याची पुडी आणायच्या. एसटीत त्या दिवसापुरत्या यायच्या, तेही ड्रायव्हरच्या मागची सीट आधी सांगून ठेवून. मी आकडा हलवला नाही. तोच चौऱ्याहत्तर, तेवढीच काळी फिल्म. ऑगस्टमध्ये बारावा होता तसा. नोव्हेंबरात होता तसा. फेब्रुवारीत होता तसा. माझे सहकारी म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हीबी आमच्यासारख्याच फिल्मा काढून राहिल्या." डॉक्टर म्हणाले, "तुमचं भाकीत चुकलं बरं का." मी म्हटलं, चुकू द्या. पण एक सांगते, मनातून मला ठाऊक होतं की मी चुकलेली नव्हते. दर वेळी फिल्म धुताना लाल दिव्याखाली ते झाकण दिसायचं, तसंच वाकलेलं, तसंच तग धरून असलेलं.

शाळेतल्या गोष्टी त्या टेबलावर पडल्या पडल्या सांगायच्या. पहिलीत एक मुलगी आली होती, आई नसलेली, दर सुट्टीत बाईंना येऊन बिलगायची आणि वर हात करायची. बाई तिला उचलायच्या नाहीत, खालीही वाकायच्या नाहीत. ताठ उभ्या राहून तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवायच्या. "पोरगी समजते बाई रागावली," त्या म्हणायच्या. "तिले काय सांगू, बारावा मणका?"

एप्रिलच्या शेवटी, तारखेच्या आधीच, त्या आल्या. रिक्षातून शाळेतल्या दोघींनी धरून उतरवल्या. चेहरा पांढराफटक, पण केसांत शाळेच्या निरोपाचा गजरा तसाच होता. मी टेबलावर निजवताना पाठीवर बोट फिरवलं आणि एका जागी त्यांनी ओठ चावले. मोजायची गरजच नव्हती. फिल्म धुतल्यावर डॉक्टरांनी मला फोन करून शाबासकी दिली, एका वर्षाआधी सांगितलेला मणका तोच निघाला म्हणून. मी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. पण ते नंतरचं. त्या वेळी मी नुसती विचारत होते, "काय केलंत? काय उचललंत?"

"त्या पोरीले उचललं."

"वाकलात?"

"वाकली."

"माहीत असून?"

"माहीत होतं वं. तूच तं शिकवलं." त्या कण्हत थांबल्या, मग पुन्हा बोलल्या. "सभा झाली, हार घातले, समद्यांनी भाषणं केली. मी स्टेजवरून माझ्या पायानं उतरली. शाळा सरली. मंग ती समोर येऊन उभी राह्यली, हात वर करून. वर्षभर मी तिच्यासमोर खांबासारखी उभी राह्यली. आता कोनासाठी सांभाळू हा मणका? वाकली अन् घेतली कडेवर. खाली ठेवली तवा आवाज झाला. पण आधी घेतली होती मी."

  फिल्मची कॅसेट सरकवायला म्हणून मी टेबलाच्या पलीकडे गेले आणि तिथेच रडत उभी राहिले. बरोबर ठरल्याचं एवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि त्या पोरीला कडेवर घेतलं याचं इतकं बरंही वाटलं नव्हतं.

टेबलावरून आवाज आला, "ए बाई, रडून राहिली तं फोटो कसा काढशीन?"

मी पदराने डोळे पुसले, आकडा लावला आणि म्हटलं, "श्वास रोखा."